परत कवा येनार?

चष्मा कपाळावर चढवायचा, मोबाईल हातभर लांब धरायचा, आणि आपण विचारलेलं ऐकूच आलं नाही असा चेहरा करून उलट आपल्यालाच विचारायचं, "परत कवा येनार, ते आदी सांगा."

आपण विचारलेलं असायचं एवढंच, की भाऊ, आज काय लावू? शेतात. म्हणजे मोबाईलमधल्या शेतात. तो गेम तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खेळला असेल. नसेल तर घरातल्या कुणाला खेळताना पाहून नाक मुरडलं असेल. हिरवं रान, त्यात चौकोनी वाफे. बोट फिरवलं की पेरणी, बोट फिरवलं की कापणी. गहू पाच मिनिटांत येतो, गाजर दहा मिनिटांत, मका अर्ध्या तासात, भोपळा तीन तासांत. नवा खेळणारा पहिल्या दिवशी एकच विचारतो, सगळ्यात चांगलं पीक कोणतं? भाऊंच्या मते हा प्रश्नच खुळ्यासारखा होता.

"गाजर चांगलंच हाय," ते म्हणायचे. "पर तुमी निघाला कामावर. गाजर धा मिनटात तयार, आन तुमी येनार पाच तासानं. तवर पीक नुसतं हुबं ऱ्हानार का न्हाई? मग भोपळा लावा. आन हितंच बसनार असाल तर गहू लावा, काढा, परत लावा. पिकात काय न्हाई ओ. मानूस परत कवा येनार, त्याच्यावर हाय समदं."

तुंगार्लीच्या वरच्या अंगाला एक रिसॉर्ट आहे. तिथं मी इलेक्ट्रिशियन आणि ते स्टोअरकीपर. स्टोअर म्हणजे किचनच्या मागची एक लांबट खोली. सकाळी भाजीचा टेम्पो आला की भाऊ दारात उभे. फ्लॉवरचा गड्डा उलटा करून देठ बघायचे, भेंडीचं टोक मोडून बघायचे, बटाट्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा बटाटा वर काढायचे. टेम्पोवाल्यांनी त्यांना मागून काय काय नावं ठेवली होती, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. ज्या शेफला अख्खं किचन टरकून असायचं, तो स्टोअरच्या दारात आला की घरजावयासारखा हळू बोलायचा.

एकदा मी विचारलं, "भाऊ, तुमची शेती कुठं?"

ते हसले. "आमची? हीच. दुसऱ्यानं पिकवल्याली, मी बघून घेतल्याली."

राहायला ते बेगडेवाडीला. त्यांच्या आईनं जन्मभर भाताची लावणी केली होती, आमच्या मावळात तिला आवण म्हणतात. "आयनं लय आवण केली," ते सांगायचे. "वाकून वाकून कंबर ऱ्हायली न्हाई तिला. पर खाचर कुनाचं? ज्याचं त्याचं." ती खाचरं आमच्यासारख्यांचीच असणार. आमच्या गावात जमीन म्हणजे आमची भावकी, दुसरं कोणी नाही.

आजोबांपासून भाऊंचं घर बौद्ध. फोन उचलताना ते 'जय भीम' म्हणत आणि ठेवतानाही म्हणत. त्यामुळे मला ते ओळख झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कळूनही माझ्या वागण्यात काही फरक पडत नाही, याचा मला मनातल्या मनात फार अभिमान होता. असला अभिमान वाटतो म्हणजेच कुठेतरी फरक पडलेला असतो, हे समजायला मला फार उशीर लागला. तेव्हा मी त्यांच्या डब्यातली चटणी खायचो आणि स्वतःवर खूश असायचो.

त्यांची ड्यूटी दुपारी संपायची आणि पुण्याकडची लोकल त्यानंतर बऱ्याच वेळानं. तो मधला वेळ ते स्टोअरमध्ये मिरचीची देठं खुडत बसायचे. मीच एकदा त्यांच्या मोबाईलमध्ये तो गेम टाकून दिला. मला वाटलं, दोन दिवस खेळतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा फाडून त्यावर सगळ्या पिकांच्या वेळा लिहून तो भिंतीला लावला होता. शेफला वाटलं किचनच्या ऑर्डरी आहेत, आणि तो बिचारा भोपळ्यापुढे तीन तास का लिहिलंय याचा विचार करत राहिला.

आता आमच्या गावाकडचं सांगतो. गावाचं नाव घेत नाही. कामशेतला उतरून पवनेच्या बाजूला जावं लागतं, एवढं पुरे. त्या पावसाळ्यात आमच्या भावकीतले तेरा-चौदा जण हाच गेम खेळत होते. कोणी पर्यटकांची जीप चालवणारा, कोणी दुधाच्या गाडीवर, दोघं-तिघं कंपनीत पाळीनं जाणारे. बाहेर खऱ्या खाचरात पाणी तुंबलेलं आणि हे मंदिराच्या ओट्यावर माना खाली घालून बसलेले. माझे थोरले चुलते, म्हणजे तात्या, येता-जाता ओरडायचे, "रानात बांध फुटलाय आन तू फोनात कनसं तोडतोय व्हय रं!"

गेममध्ये सगळ्यांनी मिळून ग्रुप करता येतो. गेम ज्या मालाची मागणी करेल, त्याच्या पेट्या आठवडाभर सगळ्यांनी एकमेकांना भरून द्यायच्या, आणि दुसऱ्या ग्रुपांशी शर्यत. माझ्या चुलतभावानं ग्रुपचं नाव ठेवलं 'इर्जिक'. नाव बरोबर होतं. पूर्वी गावात एखाद्याचं काम अडलं की सगळे आपापली अवजारं, बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचे, एका दिवसात काम उरकायचे, आणि मग त्याच्या घरी सगळ्यांनी एका पंगतीला बसून जेवायचं. ती इर्जिक. चुलतभावानं ग्रुपला कुलूपही लावून ठेवलं. बाहेरच्या कुणाला यायचं असेल तर त्यानं विनंती पाठवायची आणि ग्रुपप्रमुखानं मंजूर केली तरच आत. "उगं भलतं कुनी शिरायला नको," असं तो म्हणाला होता.

आणि आमची ही इर्जिक दर आठवड्याला हरायची. कारण ऐकाल तर हसाल. गेममध्ये भातही आहे. तो दीड दिवस घेतो, पेट्यांना सहसा लागत नाही, शर्यतीत त्याचा काडीचा उपयोग नाही. पण आमची सगळी मावळी मंडळी! चौदाच्या चौदा शेतांत या बांधापासून त्या बांधापर्यंत भात. मी एकदा चुलतभावाला म्हटलं, जरा गाजरं लावून बघू या. तो म्हणाला, "गाजरं? आपन काय ससं हाय का?" ज्या ग्रुपकडून आम्ही सलग हरत होतो, त्यातल्या खेळणाऱ्यांची चित्रं पाहून तरी त्या सगळ्या परदेशातल्या आज्ज्या वाटत होत्या.

मी भाऊंना आमची शेतं दाखवली. त्यांनी एकेक उघडून पाहिलं.

"समद्यांकडं भातच?" ते हसता हसता खोकायला लागले. "तुमी लोक पिकाच्या पिरमात पडलाय. मागनी कशाची हाय, ते तरी बघा की. मला बरं हाय, मला कुटल्याच पिकाची माया न्हाई."

म्हणून मी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. चुलतभावाला सांगितलं, आमच्या कामावरचे एक जण आहेत, फार हुशार आहेत. त्यानं आडनाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गेममध्ये भाऊंनी स्वतःचं नाव 'आमचं रान' असं घेतलं होतं. पोरं त्यांना 'रानवाले आबा' म्हणायला लागली.

रोज सकाळी सहाच्या सुमाराला बेगडेवाडीच्या फलाटावरून ते ग्रुपच्या गप्पांच्या खिडकीत लिहायचे. बोलताना गावरान बोलणारा हा माणूस लिहिताना मात्र सरकारी पत्र लिहावं तसं शुद्ध लिहायचा. "आज सर्वांनी भोपळा. दुपारी घरी असतील त्यांनी मका. भात कोणीही लावू नये." आधी त्यांनी प्रत्येकाला तो प्रश्न विचारून घेतला होता. त्यामुळे जीपवाला राजमाचीवरून किती वाजता उतरतो, दुधाची गाडी कधी रिकामी होते, कोणाची कोणत्या आठवड्यात रात्रपाळी, सगळं त्यांच्या डोक्यात. माझ्या भावकीतला कोण किती वाजता घरी येतो हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांनी आमचं गाव पाहिलंही नव्हतं त्या भाऊंना ठाऊक होतं. एकाच्या वडिलांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तर सकाळी सहाला निरोप आला, "त्यांचे वाफे इतरांनी सांभाळावेत. परत कधी येणार, हे त्यांना आज विचारू नये."

तिसऱ्या आठवड्यात आम्ही आज्ज्यांना हरवलं. तेव्हा चुलतभावानं आपण होऊन प्रमुखपद आबांना देऊन टाकलं. गेममध्ये त्यांच्या नावापुढे एक छोटा मुकुट आला. दुसऱ्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून कामावर आले आणि स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होते. टेम्पोवाल्यालासुद्धा दिला. तो घाबरून म्हणाला, "रिटायर झालात का काय?"

दुपारी आम्ही दोघंच असताना मी त्यांची चेष्टा केली, की भाऊ, आमदार झाल्यासारखं करताय. ते हसले नाहीत.

"तुमाला न्हाई कळायचं," ते म्हणाले. "आमच्या घरात सात पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबल्या. पेर म्हटलं की पेरायचं, काप म्हटलं की कापायचं. काय पेरू, असं आमाला कुनी कवा इचारलं न्हाई. आता सकाळ झाली की चौदा मानसं मला इचारतात, आबा, काय लावू. खेळातलं आसंल, पर इचारतात ना?"

मी म्हटलं, "विचारणारच." आणि बोर्ड बघायच्या निमित्तानं उठून गेलो.

गणपतीच्या आठवड्यात आमचा ग्रुप शर्यतीत पहिला आला. चुलतभावानं जाहीर केलं, इर्जिक आहे तर इर्जिकीचं जेवण पाहिजे. गणपती उठल्यावरच्या रविवारी तात्यांच्या घरी मटणाचा बेत ठरला. आबांना आणायची जबाबदारी माझी.

भाऊ आधी नकोच म्हणाले. "मोबाईलात हाय ते बरं हाय," एवढंच. मी हटून बसलो. प्रमुखाशिवाय कसलं जेवण, असं म्हणालो. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. हा माणूस मी आणला, हे चारचौघांत दिसायला हवं होतं. आणि काही होणार नाही, असंही मला वाटत होतं. आता कोण बघतं, असं आपण सगळेच म्हणतो. शेवटी भाऊ म्हणाले, "तुमी म्हनताय तर येतो."

तोच इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची पिशवी. कामशेतहून मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. वाटेत ते दोन्ही बाजूंचा भात बघत होते. पोटरीला आलेला, हिरवागार. "चांगला हाय," असं ते दोनदा म्हणाले.

पोरांनी गराडाच घातला. "आबा, तुमी आसं दिसता व्हय! आमाला वाटलं दाढी आसंल." भाऊ सगळ्यांना नावावरून नाही तर पिकांवरून ओळखत होते. "तू भोपळा उशिरा काढतो तो व्हय रं?" हशा झाला. पडवीत सतरंजी टाकली होती, आतून रश्शाचा वास येत होता. ती पंधरा-वीस मिनिटं मी भाऊंना जितकं खुशीत पाहिलं, तितकं ना आधी पाहिलं ना नंतर.

मग तात्या बाहेर आले. पाणी दिलं, लोकलची गर्दी, पाऊस, सगळं विचारून झालं. आणि आमच्याकडे कुठल्याही पाव्हण्याला विचारतात तसं, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "कुनाच्यातलं म्हनायचं तुमी?"

"आमी बौद्ध," भाऊ म्हणाले. आडनावही सांगितलं.

"बरं बरं," तात्या म्हणाले.

खरंच, याच्यापुढे काहीही झालं नाही. कोणी वाकडा शब्द बोललं नाही. तुम्ही तिथं असता तर तुम्हाला वाटलं असतं, किती आदरातिथ्य! तात्या आत जाऊन आले आणि म्हणाले, "पाव्हन्यांना लोकल गाठायचीय. त्यांना आदी वाढा, खोळंबा नको." लगेच पाट आला, ताट आलं. चुलती स्वतः वाढायला आली. भाऊंना आग्रह करकरून भाकरी वाढली, रस्सा वाढला. पडवीत ते एकटे जेवत होते आणि आम्ही चौदा जण अंगणात मोबाईल बघत उभे होतो. मीही उभा होतो. त्यांच्या शेजारी जाऊन बसायला मला चार पावलं टाकायची होती. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मी बसलो असतो. बसला असता तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे.

ते गेल्यावर आम्ही सगळे एका पंगतीला जेवणार होतो, आणि जेवलोही.

स्टेशनवर सोडायला निघालो. कामशेतच्या फलाटावर आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "कालवन चांगलं झालं हुतं," ते म्हणाले. मग पुन्हा, "लोकलला आजून दीड तास हाय. घाई केली त्यांनी." मी म्हटलं, थांबतो तुमच्याबरोबर. "नगं. तुमचं जेवान व्हायचंय," असं म्हणून ते बाकावर जाऊन बसले.

त्या आठवड्यापासून ग्रुप विरळ व्हायला लागला. एकाचा मोबाईल बिघडला. एकाचं नेट संपलं. दुधाच्या गाडीवाल्याला वेळ मिळेना. प्रत्येकाचं कारण खरं वाटावं असं होतं आणि कोणीही भांडून गेलं नाही. सकाळी सहाचा निरोप मात्र चुकत नव्हता. "आज सर्वांनी मका." सर्वांनी म्हणजे नऊ जणांनी, मग सहा, मग चार. माणसं कमी झाली तशी भाऊंनी योजना बदलली. जे गेलेत त्यांच्या वाट्याचं ते स्वतः पिकवायला लागले. जेवणाची सुट्टीसुद्धा त्यात जायची. मला ते बघवत नव्हतं, पण म्हणून मी काही केलं असंही नाही.

दसऱ्याच्या आसपास चुलतभावाचा फोन आला. "दादा, आमी नवा ग्रुप काढलाय. समदे हितंच हाईत. तू तिकडं एकटा काय करतोय?"

"आबांना विचारलं का?"

"ऱ्हाऊ दे की. तात्यांना नाय आवडत. उगं घरात कटकट."

मी त्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी म्हटलं, बघतो.

भाऊंना मी स्टोअरमध्ये जाऊन सांगितलं. घरी जरा कामं निघाली आहेत, काही दिवस गेम बंद ठेवीन म्हणतो. ते कांद्याची पोती मोजत होते. चष्मा कपाळावर गेला. "परत कवा येनार?"

"दिवाळीनंतर," मी म्हणालो.

"मग तुमचे वाफे मोकळेच ठेवा," ते म्हणाले. "एवढं लांबचं पीक न्हाई आपल्याकडं."

नव्या ग्रुपमध्ये जाऊन बघतो तर काय, पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत भात! आणि पुन्हा हार. मग मी आणखी एक काम केलं, ज्याची मला आजही लाज वाटते. रोज स्टोअरमध्ये जाऊन मी भाऊंना उगाच विचारल्यासारखं विचारायचो, समजा भाऊ, एखाद्याला टरबुजाच्या पेट्या भरायच्या असतील आणि तो दिवसभर बाहेर असेल, तर? भाऊ सांगायचे. ते मी जसंच्या तसं गावच्या ग्रुपमध्ये माझ्या नावानं टाकायचो. आमचा नवा ग्रुप जिंकायला लागला. पोरं मला 'मास्तर' म्हणायला लागली.

एकदा मी असाच विचारून निघालो होतो, तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला. "त्यांना म्हनावं, गाजर या आठवड्यात नगं. पुढच्या आठवड्यात मागनी येनार हाय."

त्यांना. मी वळलो. ते मिरच्यांची देठं खुडत होते, मान वर न करता म्हणाले, "चुकीचं लावतील म्हनून सांगितलं."

तेव्हा मी काही बोललो असतो तर? मी पुष्कळदा मनातल्या मनात ते वाक्य जुळवलं आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "हो, सांगतो."

दिवाळी आली आणि गेली. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. थंडीत त्यांचं पोट दुखायला लागलं. खात नव्हते, शर्ट अंगावर लोंबायचा. टेम्पोवाला आता मुद्दाम चांगला माल वर ठेवायचा, कारण तळापर्यंत हात घालायचा त्यांना जोर राहिला नव्हता. ऑपरेशन ठरलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटून ते चार दिवसांनी येतो म्हणून गेले. शेफनं त्यांच्यासाठी मऊ खिचडी बांधून दिली.

ते आले नाहीत. रिसॉर्टमध्ये निरोप आला तेव्हा सगळं होऊन दोन दिवस झाले होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही. सिझन होता, सुट्टी मिळाली नाही, असं मी सांगू शकतो. त्यानंतर आठवड्यानं बेगडेवाडीला गेलो. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली भाऊंचा फोटो, तोच इस्त्रीचा शर्ट. वहिनींनी मला खुर्ची दिली. नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं.

"तुमचंच नाव घ्यायचे," त्या म्हणाल्या. "आन ती चौदा मानसं. ती कुटली ओ? रोज सकाळी फलाटावर बसून त्यांच्यासाठी लिवायचे. दवाखान्यात जायच्या दिवशीबी लिवलं. मी म्हटलं, आज तरी ठेवा तो फोन. तर म्हनले, मी न्हाई सांगितलं तर ती समदी भात लावतील."

ग्रुप फुटल्याचं भाऊंनी घरी सांगितलंच नव्हतं. चौदा माणसं अजून होती त्या घरात.

"आदल्या दिशी म्हनत हुते, चार दिवस यायचं न्हाई, आता मलाच लांबचं पीक लावलं पायजे. आन हसले." वहिनींनी पदरानं डोळे टिपले. "कार्यक्रमाला येतील म्हनून मी चहा जास्तीचा ठेवला हुता. चौदा लोक म्हंजे... कुनीच आलं न्हाई. त्यांना कळलं नसंल का?"

"कळवायचं राहून गेलं," मी म्हणालो. "माझ्याकडून."

"आसू द्या," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या. भाऊंचा मोबाईल मुलीनं नेला होता. त्यातलं सगळं पुसून तिनं तो वापरायला घेतला, असं त्या आतून सांगत होत्या.

परतीच्या गाडीची वाट बघत मी बेगडेवाडीच्या फलाटावर बसलो, बहुधा त्यांच्याच बाकावर. गेम उघडला आणि 'आमचं रान' शोधलं. दुसऱ्याचं शेत बघायला कुणाची परवानगी लागत नाही. या बांधापासून त्या बांधापर्यंत भात होता. ज्याला कुठल्याच पिकाची माया नव्हती, त्यानं एकही वाफा न सोडता भात लावला होता, कारण आपल्याकडे सगळ्यात लांबचं पीक तेच. तो केव्हाच पिकला होता. गेममधलं पीक वाळत नाही, गळत नाही, काढेपर्यंत तसंच उभं राहतं. मी त्यावर बोट फिरवून पाहिलं. दुसऱ्याचं पीक काढता येत नाही.

खाली 'इर्जिक' दिसत होती. सभासद एक. त्या खिडकीत दसऱ्यापासून दवाखान्याच्या दिवसापर्यंतचे त्यांचे सकाळचे निरोप असणार. सर्वांनी हे लावावं, सर्वांनी ते लावू नये. ते वाचायचे तर आत जायला हवं.

मी तिथंच गावचा ग्रुप सोडला. चुलतभावाचा लगेच फोन आला, तो मी घेतला नाही. मग 'इर्जिक'वर बोट ठेवलं आणि आत येण्याची विनंती पाठवली.

त्याला आता बरेच महिने झाले. मी कुठल्याच ग्रुपमध्ये नाही, वाफे मोकळेच ठेवले आहेत. रोज सकाळी सहाला उठून एकदा बघतो. माझ्या नावापुढे तेच लिहिलेलं असतं: विनंती पोचली आहे, ग्रुपप्रमुखांच्या मंजुरीची वाट पाहा.